बोडी आणि मोहफूल

अर्जुनी मोरगावात माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक म्हणजे, रिटायर झाल्यावर मी शेअर बाजाराच्या नादी लागले. दुसरं म्हणजे, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. दोन्ही मतांचा उगम एकच, आमची शेजारीण. एका सकाळी ती विरजण मागायला आली आणि माझ्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळताना पाहून दारातच थबकली.

"हे का होय वं?"

"जुना कॉम्प्युटर."

"काऊन, नवा नाही भेटत का?"

"नवाच आहे. जुना असल्याचं सोंग करून राह्यला."

तिनं विरजण घेतलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गेली. दुसरं मत त्या दिवसापासूनचं.

मी खरं तेच सांगितलं होतं. एम्युलेटर नावाचा एक प्रोग्राम असतो. आमच्याकडच्या दंडारीच्या खेळात गडी लुगडं नेसून बाई होतो आणि बघणारे त्याला बाईच समजतात, तसा हा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपला चाळीस वर्षांपूर्वीचा मिनी कॉम्प्युटर करतो. मग त्यावर त्या काळचे सगळे प्रोग्राम सुखानं चालतात. आपण मोठ्या थोरल्या मशीनमध्ये नसून भाजीच्या पिशवीत मावणाऱ्या लॅपटॉपमध्ये आहोत, हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही. त्यांना असं फसवण्यात मला जो आनंद होतो तो मी चारचौघांत बोलून दाखवत नाही.

पण हा सगळा खटाटोप मी आनंदासाठी केला नव्हता. तो केला माझ्या मैत्रिणीसाठी. ती सालेकशाची. आम्ही दोघी एकाच वर्षी नागपूरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. दोघी गोंदियाकडच्या, दोघींची बोली सारखी, आणि नागपूरकर आम्हाला 'झाडीपट्टीच्या पोट्ट्या' म्हणत. त्यामुळे मैत्री होणं भागच होतं. भांडणं मात्र आम्ही आमच्या हौसेनं केली.

ऑफिसात तेव्हा दोन मिनी कॉम्प्युटर आले. नावातच काय ते मिनी. एकेक मशीन दोन लोखंडी कपाटांएवढी. सबंध ऑफिसात एसी फक्त त्यांना. साहेब स्वतः पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि मशीनच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचे. एक मशीन मुख्य इमारतीत, ती माझ्याकडे. दुसरी रस्त्यापलीकडच्या जोड-इमारतीत, ती मैत्रिणीकडे. मधून जमिनीखालून तार. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला नंबर असायचा. माझी एक नंबर, तिची दोन नंबर. हे नंबर कुणा इंजिनियरनं दिले होते, त्यात माझं कर्तृत्व शून्य. तरी मी पुढची कित्येक वर्षं तिला डब्याच्या वेळी विचारत असे, "काय म्हणते दोन नंबर?" ती भडकायची. ती भडकली की डब्याला चव यायची.

ती बोलायची फार. त्याहून जास्त ती दुसऱ्याचं बोलणं तोडायची. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं म्हणजे दूध उतू जाताना नुसतं बघत बसणं, असं तिला वाटत असावं. साहेब म्हणायचे, "मला असं वाटतं की..." आणि ती म्हणायची, "नाही जमणार साहेब." त्यांना काय वाटतं ते आम्हा कुणाला कधी कळलं नाही. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती बरोबर असायची.

त्या मशीनवर 'फोन' नावाचा एक प्रोग्राम होता. त्यात आवाज नव्हता, नुसतं टाईप करणं. पण पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर मी, खाली ती, आणि जे बटण दाबू ते अक्षर त्याच क्षणी दोघींना दिसायचं. आताच्या मेसेजसारखं लिहून, वाचून, खोडून मग पाठवणं नाही. तुम्ही 'मला' एवढं लिहिलं की समोरची 'हो हो, माहीत आहे' लिहायला मोकळी. दोघी एकाच वेळी टाईप करू शकायच्या, एकमेकींवर कुरघोडी करू शकायच्या, एकमेकींच्या टायपिंगच्या चुकांवर चुका व्हायच्या आतच हसू शकायच्या. रस्त्याच्या दोन बाजूंना बसून आम्ही तासन् तास भांडलो. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर आमचं कौतुक केलं, की या दोन मुली किती वेगानं डेटा एंट्री करतात बघा. आम्ही माना खाली घातल्या.

पुढे मशीन भंगारात गेल्या, आम्ही आणखी वीसेक वर्षं दुसऱ्या कॉम्प्युटरवर राबलो, रिटायर झालो, आपापल्या गावी आलो. मी इकडे, ती सालेकशाला. रोज फोन. माझं वाक्य रोज तुटलेलं.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, न येईल, सांगता येत नाही. वर्ष झालं, आला नाही. कान जवळ नेला तर वारा फुंकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, तेवढंच.

मी मेसेज करायचे, ती उत्तर द्यायची. पण ते काही ती नव्हे. तिचं उत्तर येईस्तोवर विषय पुढे गेलेला असे. व्हिडिओ कॉल करून पाहिला. मी बोलत सुटले आणि ती शाळेतल्या मुलीसारखा हात वर करून बसली. मला तो हात बराच वेळ दिसलाच नाही. नंतर तिनं लिहिलं, लोक एक तर तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात, नाहीतर ती लिहिस्तोवर शहाण्यासारखे थांबून राहतात. ओरडणारे परवडले, थांबणारे नाही. आणि खाली एक ओळ: "मले आता कोणाचं बोलणं तोडता येत नाही."

मला रडू आलं आणि रागही आला, नेमका कुणावर ते कळेना. मग तो 'फोन' आठवला. मी लिहिलं, "दोघींच्या लॅपटॉपवर जुन्या मशीन उभ्या करू. नेटवर्क टाकू. मग तोड मले पाह्यजे तितकं."

उत्तर आलं, "येडी झालीस का?" दहा मिनिटांनी दुसरं आलं, "कधी सुरू करायचं?"

आता जुनं नेटवर्क बसवणं म्हणजे काय, ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. मॅन्युअल मिळालं तेही कुणीतरी झेरॉक्सचे फोटो काढून ठेवलेलं, दर चौथं पान तिरकं. मशीन एकेक प्रश्न विचारत जाते आणि एकाचं उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नाव काय? फार तर सहा अक्षरांत सांगा, इंग्रजीत. मी माझ्या मशीनचं नाव ठेवलं बोडी, कारण खिडकीतून समोर बोडीच दिसते, आणि आमच्याकडे लहान तळ्याला बोडीच म्हणतात. तिनं ठेवलं मोहफूल. इंग्रजीत बरोबर सहा अक्षरं बसवली आणि वर मला लिहिलं, "मी पुरे सहा वापरले. तुहे चारच."

आधी मी घरीच, माझ्या दोन लॅपटॉपवर, दोन मशीन उभ्या करून पाहिल्या. जमेना. हे नेटवर्क सुरू होताना मशीन स्वतःच्या नेटवर्क-कार्डाचा पत्ता दिलेल्या नंबरावरून नव्यानं बनवते, आणि घरातल्या वायफायला हा आगाऊपणा चालत नाही. तेव्हा तार हवी. तारेसाठी गोंदियाला गेले.

दुकानदार म्हणाला, "आंटी, अब तार कौन लेता है? वायफाय है ना."

"मेरे कॉम्प्युटर को वायफाय समझता नहीं, भैया."

"कौन सा कॉम्प्युटर है?"

"मिनी कॉम्प्युटर."

"अच्छा, छोटा वाला."

"छोटा नहीं. दो अलमारी जितना."

तो माझ्या हातातल्या पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. माझं हिंदी गोंदियाचं आहे, त्यामुळे भाषेत गोंधळ झाला अशी शंकाही त्याला घेता येईना. त्यानं निमूटपणे तार कापून दिली.

तारेवर काम झालं. माझे दोन लॅपटॉप एकमेकांना दिसले. मी एकावरून दुसऱ्याला फोन लावला, उठून दुसऱ्यापाशी गेले, उचलला, परत येऊन 'कशी आहेस' विचारलं, परत जाऊन 'बरी आहे' सांगितलं. शेजारीण कुंपणापलीकडून हे सगळं पाहत होती. पण तिची मतं तयारच होती, त्यात भर काय पडणार.

म्हणजे नेटवर्क बरोबर होतं. आता अर्जुनी ते सालेकसा. एवढी तार कुणी विकत नाही. पण एम्युलेटरमध्ये सोय असते: इंटरनेटमधून एक बोगदा काढायचा, की दोन्ही मशीनना वाटतं आपण एकाच खोलीत एकाच तारेवर आहोत. पुन्हा फसवणूक. तिनं तिकडून आणि मी इकडून तो बोगदा दोन दिवसांत काढला.

राहिले नंबर. इथे मी मोठेपणा केला. मी लिहिलं, "या वेळी एक नंबर तू." ती म्हणाली नको. मी म्हटलं घेच. ती म्हणाली, तूच सगळं करून राह्यली, तूच घे. मी शपथ घातली. अखेर ठरलं, ती एक, मी दोन.

आणि मशीननं मला नंबर विचारला तेव्हा मी एक दाबलं.

याचं समर्थन मी करणार नाही. बोटांना सवय होती, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण बोटं माझीच, आणि दाबताना डोळे उघडे होते. आजारी मैत्रिणीला मोठ्या मनानं दिलेला पहिला नंबर मी तिच्या पाठीमागे परत काढून घेतला. तिला कुठे दिसणार होतं? असा हिशेब मी केला आणि वर गालात हसलेसुद्धा.

एका नेटवर्कमध्ये एका नंबराच्या दोन मशीन चालत नाहीत. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दोन घरांवर एकच पाटी असली तर टपाल कुठे टाकायचं? पण मी जणू ते शिकलेच नव्हते. मी म्हटलं, बघू तर, लागेलही. लागलं नाही. बोडीला मोहफूल दिसेना, मोहफूलला बोडी दिसेना.

तीन दिवस आम्ही खपलो. ती लिहायची, "बोगदा पाहा." मी बोगदा बघायचे. मी लिहायचे, "तुह्या जंगलात नेट नसंल." ती लिहायची, "जंगलात नेट तुह्या बोडीपेक्षा चांगलं आहे." दर थोड्या वेळानं ती विचारायची, "नंबर कोणता टाकला?" मी लिहायचे, "ठरला तोच." चौथ्या दिवशी तिनं लिहिलं, "जाऊ दे. माह्या नशिबात नाही ते." इतकं मवाळ वाक्य तिनं जन्मात लिहिलं नव्हतं. माझ्या एका आकड्यापायी ती बोलणं सोडून द्यायला निघाली होती.

मी तिला काही न सांगता सगळं बंद केलं, नंबर बदलून दोन केला, मशीन पुन्हा सुरू केली. लाज वाटत होती म्हणून गुपचूप केलं.

तरी लागेना!

आता मात्र मी खरोखरच घाबरले. आता तर सगळं बरोबर होतं. मी शेवटी कबूल करून टाकलं. लिहिलं, की माझा नंबर खरं म्हणजे एक होता, मी खोटं बोलले, आज दोन केला, तरीही लागत नाही, माफ कर.

मग तिचा मेसेज.

"माहीत होतं मले. तुले का मी आजच पाह्यलं का? म्हणून आज मी पण दोन केला. म्हटलं, राहू दे तुले एक."

म्हणजे तीन दिवस आम्ही दोघी एक होतो आणि आता दोघी दोन. मी घरात एकटीच खोखो हसले आणि हसता हसता मुसमुसले. मी लिहायला घेतलं, की थांब, तू परत एक कर, मी दोनच राहते. तेवढ्यात तिचं आलं, की मी एक करून राह्यली. तोवर मी विचार केला, ती ऐकायची नाही, म्हणून मीच एक केला होता. मग ती म्हणाली, तू थांब. मी म्हटलं, तू थांब. मेसेज एकमेकांना ओलांडून जात होते आणि आम्ही दोघी आपापल्या घरी भराभर नंबर बदलत होतो. शेवटी तिनं लिहिलं, "काहीच हात नको लावू. मी येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी ती आली. सालेकशाहून गोंदिया, गोंदियाहून आमची गाडी. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. चांगली बारीक झाली होती. मी मिठी मारली. ती काहीतरी म्हणाली, मला वाराच ऐकू आला, आणि मी समजल्यासारखं "हो, हो" केलं. ते तिला कळलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

चहा ठेवते तोच शेजारीण हजर. पाहुणी कोण, हे कळल्याशिवाय तिला दुपारची झोप लागणार नव्हती. मी ओळख करून दिली, आवाजाचं सांगितलं. शेजारीण हळहळली, आणि मग मैत्रिणीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "यायले चहात साखर चालते का?"

मैत्रीण समोर बसलेली. हात शाबूत, डोकं शाबूत. तिनं तोंड उघडलं. पण तोवर शेजारीण पुढे गेली होती, गळ्याला गोड बरं नसते, आमच्या नणंदेलेही असंच झालं होतं, अशी. एके काळी या वाक्याचे तिनं पहिल्या शब्दालाच तुकडे केले असते. आता ती तोंड मिटून कपाकडे पाहत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला कुणाचं तरी वाक्य पूर्ण ऐकताना पाहिलं. मला ते बघवेना. मी शेजारणीच्या हातात विरजणाचं भांडं दिलं आणि तिला वाटेला लावलं.

मग आम्ही लॅपटॉप मांडले. जागा एकच टेबल, तेव्हा तिचा टेबलावर आणि माझा शिलाई मशीनच्या झाकणावर, दोघींच्या पाठी एकमेकींकडे. मध्ये तार. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून माझा नंबर मला तिच्यासमोर टाकायला लावला. दोन. मी दाबला, तिनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, मगच जाऊन एक दाबला. मशीन सुरू झाल्या, एकेक ओळ सरकत गेली, आणि माझ्या यादीत, इतक्या दिवसांनी, मोहफूल आलं.

मी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. चांगलं, भारदस्त वाक्य, मैत्रीवर. तेवढ्यात माझी मशीन टिणटिण वाजायला लागली. पडद्यावर आलं, मोहफूलहून फोन आहे. मी उचलला. पडदा दोन भागांत चिरला. मी माझ्या भागात, त्या मशीनला कळतं तशा मोठ्या रोमन अक्षरांत, लिहायला घेतलं: 'आज इतक्या वर्षांनी आपण पुन्हा'

'पुन्हा का? मुद्द्यावर ये' खालच्या भागात अक्षरं धडाधड उमटली.

'अवं थांब, मी म्हणत होते'

'तू खोटारडी आहेस'

'मी कबूल केलं ना'

'तीन दिवसांनी'

'तू तरी कुठं सांगि'

'सांगितलं असतं तर तुह्यी मजा कशी पाह्यली असती. आणि शेजारीण कशी ठेवली तू अशी. साखर दोन चमचे. सांग तिले. दोन. आणि तिच्या नणंदेचं मले काही'

'हळू, हळू, चुका करून राह्यली तू'

'तू मोजू नको. दोन नंबरनं मोजू नये'

ती थांबेचना. वर्षभराचं साठलेलं. डॉक्टर कसा बोलतो, सून कशी टाळते, बँकेतला माणूस तिच्याऐवजी तिच्या मुलाशीच कसा बोलतो. मी मध्ये शब्द घालायला गेले की ती तो तिसऱ्या अक्षरावर चिरडायची. माझ्या पाठीमागे बटणांचा नुसता कडकडाट चालला होता. मध्येच तो थांबला आणि वारा फुंकल्यासारखा आवाज आला, तुटक तुटक. घाबरून वळून पाहिलं. खांदे गदगदत होते. ती हसत होती.

मला राहवलं नाही. मी खुर्चीतूनच म्हटलं, मोठ्यानं, तोंडानं, "तुहा आवाज आला वं मले."

ती वळली नाही. माझ्या पडद्यावर, खालच्या भागात, एकेक अक्षर आलं.

'तोंडानं नको बोलू. तोंडानं तूच जिंकशील.'

मी तोंड मिटलं, पडद्याकडे फिरले आणि लिहायला घेतलं. चौथ्या अक्षरावर तिनं मला तोडलं.